मधुमेही माता आणि अपुऱ्या दिवसांचें बालक

(रिद्धपूर येथें ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



या मंगल प्रसंगीं वैद्यकावर चार शब्द बोलावे, अशी आज्ञा आम्हांस झाली. उत्सवाच्या मंडपांत दुखण्याखुपण्याचा विषय काढणें कित्येकांस विशोभित वाटेल. परंतु ज्या सभेंत इतक्या माता आपलीं लेंकरें मांडीवर घेऊन बसल्या आहेत, त्या सभेस आजच्या विषयाहून अधिक जवळचा विषय आम्हांस सुचला नाहीं. विषय असा आहे: ज्या गर्भवतीस मधुमेह आहे आणि जिची प्रसूति दिवस भरण्यापूर्वींच होण्याचा संभव दिसत आहे, तिला बालकाच्या फुप्फुसांसाठीं स्टेरॉइडची सुई द्यावी कीं न द्यावी, आणि द्यावयाची तर काय काय सांभाळून द्यावी.

हा विषय आजवर बहुधा इंग्रजी ग्रंथांतच बंद राहिला आहे. ज्या स्त्रीच्या दंडांत ती सुई टोंचली जाते, तिला तीविषयीं तिच्या भाषेंत कोणी चार वाक्यें सांगत नाहीं. आपण ज्या भूमीवर बसलों आहों, ती मात्र याबाबतींत आपणांस कांहीं शिकविते. म्हाइंभटांनीं लीळाचरित्राची सिद्धता याच रिद्धपुरांत केली. पुढें पंथांतील पंडित संस्कृतांत ग्रंथ रचूं लागले, तेव्हां नागदेवाचार्यांनीं त्यांस थांबविलें. कारण संस्कृत ग्रंथांनीं पंथांतल्या साध्या म्हाताऱ्या ज्ञानावांचून राहतील, असें त्यांचें म्हणणें होतें. आपल्या ख्रिस्ती परंपरेंतही फादर स्टीफन्स यांनीं आपलें ख्रिस्तपुराण, जें १६१६ सालीं छापलें गेलें, तें लॅटिनमध्यें न लिहितां मराठींतच लिहिलें. याच गांवीं २०२४ सालीं मराठी भाषेचें विद्यापीठ सुरू झालें आहे. तेव्हां वैद्यकाची ही गोष्टही मराठींतच सांगण्याचा आम्ही यत्न करितों. कठीण शब्द टाळतां येतील तितके टाळूं.

प्रथम दिवसांचा हिशेब पाहूं. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ४० आठवडे मोजले म्हणजे प्रसूतीची तारीख येते. ३७ आठवडे पुरे होण्यापूर्वीं जें बालक जन्मतें, त्यास अपुऱ्या दिवसांचें म्हणावयाचें. आपल्याकडे त्यांस सतमाशी, अठमाशी अशीं नांवें आहेत. आणि त्यांबरोबर एक समजूतही चालत आली आहे कीं सतमाशी मूल जगतें, पण अठमाशी जगत नाहीं. ही समजूत अगदीं उलटी आहे. गर्भाशयांतील प्रत्येक अधिक आठवडा बालकास बळ देतो, आणि आठव्या महिन्यांतील बालक सातव्यांतल्यापेक्षां निश्चितपणें अधिक सुरक्षित असतें. ही समजूत केवळ खोटीच नव्हे, तर घातकही आहे. कारण तिच्यामुळें आठव्या महिन्यांत कळा आलेल्या स्त्रीच्या घरचीं माणसें आधींच आशा सोडून बसतात. २०२० सालीं जगांत अदमासें १ कोटि ३४ लक्ष बालकें अपुऱ्या दिवसांचीं जन्मलीं. त्यांपैकीं सुमारें ३० लक्ष एकट्या हिंदुस्थानांत जन्मलीं. इतकीं बालकें दुसऱ्या कोणत्याही देशांत दिवसांपूर्वीं जन्मलीं नाहींत.

या बालकांवर पहिला घाला येतो तो श्वासाचा. आपल्या फुप्फुसांत वायूचे कोट्यवधि बारीक कोश आहेत. ओलीं झालेलीं पळसाचीं दोन पानें एकमेकांस चिकटून बसतात, त्याप्रमाणें या ओल्या कोशांच्या भिंती उच्छ्वासाबरोबर एकमेकींस चिकटावयास पाहतात. त्या चिकटूं नयेत म्हणून फुप्फुसच एक स्निग्ध पदार्थ निर्माण करतें. त्यास सरफॅक्टंट म्हणतात. तो पुरेसा तयार होण्यास गर्भवासाचे शेवटचे आठवडे लागतात. बालक त्याआधीं जन्मलें, तर प्रत्येक श्वास त्यास पहिल्या श्वासाइतकाच जड जातो. तें कण्हतें, त्याच्या बरगड्या आंत ओढल्या जातात, अंग निळें पडतें, आणि कांहीं तासांत तें थकून जातें. या बालकांच्या फुप्फुसांत हाच पदार्थ कमी असतो, हें मेरी एलेन एव्हरी या विदुषीनें १९५९ सालीं दाखवून दिलें. तोंपर्यंत अशा मृत्यूंचें खरें कारणच कोणास ठाऊक नव्हतें.

कारण कळलें म्हणून उपाय लगेच हातीं आला असें नाहीं. १९६३ सालच्या ऑगस्टच्या ७ तारखेस अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांस पॅट्रिक नांवाचा पुत्र झाला. तो सुमारें साडेपांच आठवडे आधीं जन्मला. केनेडी कुटुंब कॅथलिक; बालकाची अवस्था पाहून त्याचा बाप्तिस्मा तत्काळ उरकण्यांत आला. वजन दोन किलोंहून अधिक होतें; आज असें बालक पाहून आपल्या दवाखान्यांतील परिचारिका धीर देतील. परंतु त्याच्या फुप्फुसांस तो स्निग्ध पदार्थ पुरला नाहीं, आणि ९ ऑगस्ट रोजीं, जन्मानंतर ३९ तासांनीं, तें बालक निवर्तलें. राष्ट्राध्यक्षाच्या पुत्रासाठींही त्या काळच्या वैद्यकाजवळ याहून अधिक कांहीं नव्हतें.

उपाय सांपडला तो न्यूझीलंडांत, आणि तोही मेंढ्यांपासून. ऑकलंड येथील डॉक्टर ग्रॅहम लिगिन्स हे प्रसूतीच्या कळा कशानें सुरू होतात याचा शोध मेंढ्यांवर करीत होते. त्यासाठीं गर्भांतील कोंकरांस त्यांनीं स्टेरॉइड दिलें. कळा लवकर आल्या, आणि इतक्या कमी दिवसांचें एक कोंकरूं बाहेर आलें कीं तें जगण्याची आशाच नव्हती. परंतु तें श्वास घेत होतें! त्याचीं फुप्फुसें वयाच्या मानानें अधिक पिकलीं होतीं. १९६९ सालीं त्यांनीं हें प्रसिद्ध केलें. नंतर बालवैद्य रॉस हॉवी यांस बरोबर घेऊन त्यांनीं २८२ मातांवर प्रयोग केला आणि १९७२ सालीं त्याचा निष्कर्ष छापला. ज्या मातांस सुई दिली, त्यांच्या बालकांपैकीं शंभरांत ९ जणांस श्वासाचा हा विकार झाला. ज्यांस दिली नाहीं, त्यांच्यांत जवळजवळ २६ जणांस झाला. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा १५ वरून सुमारें ३ वर आलें. प्रसूतीपूर्वीं मातेस दिलेलें औषध वारेंतून बालकापर्यंत जातें आणि त्याचीं फुप्फुसें पिकवितें, हें येथें सिद्ध झालें. तरीही सर्वत्र हा उपाय रुळण्यास वीस वर्षांहून अधिक काळ गेला. अमेरिकेंतील तज्ज्ञांच्या परिषदेनें १९९४ सालीं स्पष्ट शिफारस केली, तेव्हां कोठें तो सर्वसामान्य झाला. त्या मधल्या वर्षांत जीं बालकें या सुईवांचून गेलीं, त्यांची मोजदाद कोण करणार?

आतां मधुमेहाकडे वळूं. गर्भवतीच्या रक्तांत साखर वाढली, म्हणजे ती वारेंतून बालकाकडे जाते. परंतु मातेचें इन्सुलिन वार ओलांडीत नाहीं. म्हणून बालकाचा स्वादुपिंड स्वतःच अधिक इन्सुलिन निर्मूं लागतो. कोपनहेगनचे डॉक्टर योर्गेन पेडरसन यांनीं गेल्या शतकाच्या मध्यास मांडलेली ही उपपत्ति आज सर्वमान्य आहे. या अधिक इन्सुलिनचे दोन परिणाम आपणांस लक्षांत ठेवावयाचे आहेत. एक असा कीं तें फुप्फुसांचें पिकणें लांबवितें. दुसरा असा कीं नाळ कापतांच मातेकडून येणारी साखर एकाएकीं थांबते, पण बालकाचें इन्सुलिन तसेंच राहतें. त्यामुळें जन्मानंतरच्या पहिल्या तासांत बालकाच्या रक्तांतील साखर धोक्याइतकी उतरूं शकते. एव्हरीबाईंच्याच सहकाऱ्यांनीं १९७६ सालीं दाखविलें कीं, दिवस व प्रसूतीचा प्रकार सारखे धरले तरीही मधुमेही मातांच्या बालकांस श्वासाचा हा विकार होण्याचा धोका इतरांच्या ५.६ पट होता. पुढें मातांची साखर अधिक चांगली सांभाळली जाऊं लागली, तसा हा धोका उतरत गेला. पण जिची साखर सांभाळली गेली नाहीं, तिच्या बालकावर तो आजही आहे.

शिवाय मधुमेही मातेची प्रसूति वेळेपूर्वीं होण्याचीं कारणेंही अधिक. गर्भजल वाढतें, रक्तदाब चढतो, आणि कित्येकदां मातेचा किंवा बालकाचा जीव वांचविण्यासाठीं डॉक्टरांसच प्रसूति लवकर करावी लागते. म्हणजे ज्या बालकास या सुईची गरज अधिक, तें नेमकें मधुमेही मातेचें बालक.

आणि खरी अडचण येथेंच आहे. ज्या स्टेरॉइडनें फुप्फुसें पिकतात, त्याच स्टेरॉइडनें मातेची साखर वाढते. पहिल्या सुईनंतर कांहीं तासांनीं ती चढूं लागते, आणि तो चढ सुमारें पांच दिवस टिकूं शकतो. निरोगी गर्भवतीस तो फारसा जाणवत नाहीं. परंतु जिला आधींच मधुमेह आहे, विशेषतः जी लहानपणापासून इन्सुलिनवर आहे, तिची साखर इतकी चढूं शकते कीं रक्तांत आम्ल सांचून माता व गर्भ या दोघांच्याही प्राणांवर बेतावें. मातेची चढलेली साखर बालकाकडे जाऊन त्याचें इन्सुलिन वाढविणार, आणि जन्मल्यावर त्याची साखर उतरविणार, हेंही आलेंच. एका हातानें दिलेलें दुसऱ्या हातानें काढून घ्यावें तसा हा प्रकार दिसतो. त्यांत भर अशी कीं या औषधाचे जे मोठमोठे प्रयोग झाले, त्यांतून मधुमेही मातांस पुष्कळदां वगळण्यांत आलें होतें. म्हणून कित्येक ठिकाणीं, "साखर आहे, तर सुई नकोच," असा सोपा मार्ग धरला गेला. आणि कित्येक ठिकाणीं सुई देऊन साखर पाहण्याचें राहून गेलें.

आमचें म्हणणें असें आहे कीं हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. सुई नाकारणें म्हणजे साखरेच्या भीतीनें बालकाचा श्वास पणास लावणें होय. साखर बिघडली तर ती इन्सुलिननें सांभाळतां येते. न पिकलेलें फुप्फुस मात्र जन्मानंतर कोणास पिकवितां येत नाहीं. उलट, सुई देऊन साखर न पाहणें म्हणजे बालकास एका संकटांतून काढून माय-लेंकरांस दुसऱ्यांत लोटणें होय. सुई आणि साखरेची राखण हीं एकाच उपचाराचीं दोन अंगें आहेत; एक दिलें आणि दुसरें राहिलें, तर उपचार झालाच नाहीं.

हें केवळ आमचें मत नव्हे. हिंदुस्थान सरकारनें गर्भावस्थेंतील मधुमेहाविषयीं २०१८ सालीं काढलेल्या मार्गदर्शिकेंत असेंच सांगितलें आहे: २४ ते ३४ आठवड्यांमध्यें मधुमेही गर्भवतीची प्रसूति लवकर करावी लागणार असेल, तर डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम दर १२ तासांनीं, दोन दिवसांत चार सुया द्याव्या, त्यानंतरचे ७२ तास रक्तांतील साखर अधिक दक्षतेनें तपासावी, आणि ती वाढल्यास इन्सुलिनची मात्रा बदलावी. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही हीच आहे. डेन्मार्कमध्यें इन्सुलिनवर असलेल्या मातांसाठीं २००२ सालीं एक पद्धति प्रसिद्ध झाली. तींत इन्सुलिन दुसऱ्या व तिसऱ्या दिवशीं ४० टक्क्यांनीं वाढवून, मग पांचव्या दिवसापर्यंत पायरीपायरीनें उतरविलें जातें. साखर चढेपर्यंत वाट न पाहतां, ती चढणार हें जाणून आधींच तयारी करावी, हा त्यांतील बोध आहे. ३४ आठवड्यांनंतर मात्र तराजू बदलतो. अमेरिकेंत २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगांत, ३४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान सुई दिलेल्या मातांच्या बालकांपैकीं शेंकडा २४ जणांची साखर उतरली. न दिलेल्यांत हें प्रमाण १५ होतें. ज्यांस गर्भ राहण्यापूर्वींपासून मधुमेह होता, अशा माता त्या प्रयोगांत घेतल्याच नव्हत्या. म्हणून मधुमेही मातेस ३४ आठवड्यांनंतर ही सुई सरसकट देऊं नये, हें बरें.

आतां कोणी विचारील, "सुई इतकी गुणकारी आहे, तर ती प्रत्येक गांवीं, प्रत्येक कळ आलेल्या स्त्रीस कां देऊं नये?" याचें उत्तर आपल्या शेजारींच मिळालें आहे. २०११ ते २०१४ या काळांत सहा देशांत एक मोठा प्रयोग झाला. त्यांत आपल्या नागपूरकडील आणि बेळगांवकडील गांवें होतीं. तेथें ही सुई गांवपातळीपर्यंत पोंचविण्यांत आली. जवळजवळ एक लक्ष जन्मांची नोंद झाली. निष्कर्ष सर्वांस चकित करणारा निघाला. अत्यंत लहान बालकांचे मृत्यु कमी झाले नाहींत; आणि सर्व बालकें एकत्र धरलीं तर जेथें सुई पोंचली तेथें हजार जिवंत जन्मांमागें सुमारें २७ बालकें दगावलीं, जेथें नेहमींचीच व्यवस्था होती तेथें सुमारें २४. मातांमध्यें जंतुसंसर्गाची शंकाही अधिक आढळली. सुई मिळालेल्या बहुतेक स्त्रियांचीं बालकें मुळांत लहान नव्हतींच. दिवसांचा अंदाज चुकला होता, किंवा प्रसूति पुढें यथाकाळ झाली.

मग हें औषध गरीब देशांत निरुपयोगी कीं काय, असा प्रश्न उभा राहिला. त्याचें उत्तर देण्यासाठीं जागतिक आरोग्य संघटनेनें हिंदुस्थान, पाकिस्तान, बांगलादेश, केनिया व नायजेरिया या देशांतील २९ रुग्णालयांत दुसरा प्रयोग केला; त्यांतही बेळगांवचा वाटा होता. २८५२ माता त्यांत होत्या. या वेळीं दिवस नीट ठरविले होते, प्रसूति रुग्णालयांत होत होती, आणि जन्मलेल्या बालकाची शुश्रूषा करण्यास माणसें व साधनें हजर होतीं. २०२० सालीं निष्कर्ष आला: सुई न दिलेल्यांत शेंकडा २३.५ बालकें दगावलीं होतीं, दिलेल्यांत १९.६. म्हणजे सुमारें पंचवीस मातांस सुई दिली तर एक बालक वांचतें. औषध तेंच, भोंवतालची व्यवस्था बदलली, आणि फळ बदललें. साध्या मातेच्या बाबतींत जर ही अट आहे, तर मधुमेही मातेच्या बाबतींत ती दुप्पट आहे, हें सांगावयास नकोच.

हें सारें प्रत्यक्षांत कसें उतरावें, तें एका कल्पित उदाहरणानें सांगतों. समजा, अकोल्यास दिलेली आपल्या गांवची एक मुलगी पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं रिद्धपुरास आली आहे. डोहाळेजेवण झालें आहे. सासरच्या दवाखान्यांत तिला मधुमेह निघाला होता, व ती सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेत आहे. ३२ वा आठवडा चालू असतां एके रात्रीं तिचें पाणी जातें. येथें पहिली गोष्ट वेळेची. सुईचा पुरा लाभ पहिल्या मात्रेनंतर सुमारें एक दिवसानें मिळतो. म्हणून "सकाळपर्यंत पाहूं" हे शब्द त्या घरांत उच्चारले जाऊं नयेत. १०२ किंवा १०८ या क्रमांकावर गाडी मागवावी, आणि जेथें नवजात बालकांच्या विशेष दक्षतेची सोय आहे अशा ठिकाणीं तिला न्यावें. आपल्या जिल्ह्यांत असें ठिकाण म्हणजे अमरावतीचें जिल्हा स्त्री रुग्णालय, ज्यास जुनीं माणसें अजून डफरीन म्हणतात. वाटेंतील उपकेंद्रावर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रावर पहिली मात्रा देऊन पुढें पाठविण्याची मुभा सरकारनें २०१४ सालींच दिली आहे; पण ती मात्रा देणाऱ्या परिचारिकेस या मुलीचा मधुमेह ठाऊक हवा, आणि तो चिठ्ठीवर लिहिलेला हवा. नाहींतर पुढच्या ठिकाणीं चढलेली साखर कशानें चढली तें कळावयाचें नाहीं.

रुग्णालयांत गेल्यावर तिची साखर दिवसांतून अनेकवार तपासली जाईल. घरचें माणूस म्हणेल, "किती वेळां बोट टोंचतां?" त्यानें असें म्हणूं नये. इन्सुलिन वाढेल, त्यास "आजार बळावला" असें समजूं नये. तें औषधाचें अपेक्षित कार्य आहे, आणि पांचएक दिवसांनीं मात्रा पुन्हां उतरेल. ती उतरवावयास विसरलें, तर साखर उलट फार खालीं जाईल, हेंही तितकेंच खरें. कळा थांबविण्याच्या कांहीं औषधांनींही साखर चढते. म्हणून कोणतें औषध चालू आहे हें सर्व डॉक्टरांस एकाच कागदावर दिसावें. ताप, दुर्गंधी पाणी अशीं जंतुसंसर्गाचीं लक्षणें असतील, तर निर्णय वेगळा होतो. तो डॉक्टरांवर सोंपवावा.

बालक जन्मल्यावर काम संपत नाहीं. त्याच्या टांचेंतून रक्ताचा थेंब घेऊन साखर पाहिली जाईल. पहिल्या दिवसांत ती वारंवार पाहावी लागते. बालकाची प्रकृति परवानगी देईल तर पहिल्या तासांतच त्यास आईचें दूध मिळावें. मध, साखरपाणी, गुटी यांपैकीं कांहींही त्याच्या जिभेस लावूं नये. आईच्या उघड्या छातीशीं त्यास धरून ठेवणें, ज्यास कांगारू पद्धत म्हणतात, ही ऊब कोणत्याही यंत्राहून कमी नाहीं. अशा साध्या काळजीची किंमत आपल्या विदर्भास ठाऊक आहे. गडचिरोलीच्या खेड्यांत डॉक्टर अभय व राणी बंग यांनीं गांवच्याच स्त्रियांस शिकवून घरोघरच्या नवजात बालकांचे मृत्यु पुष्कळ घटविले, आणि १९९९ सालीं तें काम सर्व जगापुढें आलें. सुई ही त्या काळजीची जागा घेत नाहीं. तिच्या आधीं येते, इतकेंच.

आतां उरलें तें घरचें कर्तव्य. तें आम्ही थोडक्यांत सांगतों.

पहिलें, साखरेची तपासणी. दिवस गेल्याचें कळून पहिल्यांदा दवाखान्यांत जाल तेव्हां एकदां, आणि २४ ते २८ आठवड्यांमध्यें पुन्हां एकदां. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यांतून पाजून दोन तासांनीं रक्त घेतात. उपाशीं असण्याची आवश्यकता नाहीं. साखर १४० किंवा अधिक आली, तर तो गर्भावस्थेंतील मधुमेह. बारीक बांध्याच्या स्त्रियांस मधुमेह होत नाहीं असें समजूं नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनीं पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चालविलेल्या अभ्यासानें दाखविलें आहे कीं आपल्याकडील बालकें वजनानें कमी असूनही अंगांत चरबी धरून जन्मतात. बारीक दिसणें हें मधुमेहापासून अभय नव्हे.

दुसरें, दिवसांची नोंद. शेवटच्या पाळीची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवा, आणि आरंभींच्या महिन्यांतली सोनोग्राफी जपून ठेवा. ३२ आठवडे कीं ३६ हें ठरविल्यावांचून सुईचा निर्णय होत नाहीं. संत्र्यांच्या व कपाशीच्या हंगामांत शेतांतून सवड नसते हें आम्ही जाणतों. परंतु ही तारीख लिहावयास एक क्षण लागतो.

तिसरें, कागद. मुलगी माहेरीं येते तेव्हां तिच्या पिशवींत लुगडीं-चोळ्या असतात. माता-बाल संरक्षण कार्ड, साखरेचे आंकडे आणि इन्सुलिनची मात्रा लिहिलेला कागद सासरीं कपाटांत राहतो. सासूबाईंनीं तो कागद प्रथम पिशवींत घालावा, मग लुगडें. आणि मुलगी येतांच आईनें तो आपल्या उपकेंद्राच्या परिचारिकेस दाखवावा.

चौथें, उपवास. चाळीस दिवसांचा उपवासकाळ असो कीं शेजारणीची एकादशी असो, इन्सुलिन घेणाऱ्या गर्भवतीनें डॉक्टरांस विचारल्यावांचून उपाशीं राहूं नये. गर्भवतीस उपवासाच्या बंधनांतून सूट असल्याचें आपले धर्मगुरुही सांगतील.

पांचवें, खुणा. पाणी जाणें, अंगावर लाल जाणें, पोट वारंवार कडक होणें, पाठीच्या तळाशीं येऊन जाणारी कळ, डोकें फार दुखून डोळ्यांपुढें अंधारी येणें, बालकाची हालचाल मंदावणें. ३७ आठवड्यांपूर्वीं यांपैकीं एकही दिसलें, तर त्याच घटकेस निघावें. आणि दवाखान्यांत पाऊल ठेवतांच पहिलें वाक्य बोलावें तें हें: "हिला साखर आहे, आणि इतके आठवडे झाले आहेत." या एका वाक्यानें डॉक्टरांचा अर्धा प्रश्न सुटतो.

पुरुषांस आमचें वेगळें सांगणें आहे. ही गोष्ट बायकांची म्हणून आपण उठून जाऊं नये. गाडी बोलावणें, पैसा उभा करणें, आणि "मोठ्या दवाखान्यांत कशाला?" या प्रश्नाचें उत्तर घरांतल्या वडीलधाऱ्यांस देणें, हीं कामें बहुधा आपल्याच हातीं असतात. सुईचा एक दिवस वायां जातो तो याच वादांत.

सभेंत ज्या भगिनींस दिवस गेले आहेत, त्यांनीं साखरेची तपासणी झाली नसल्यास येत्या आठवड्यांतच करून घ्यावी, एवढी एकच दक्षिणा आम्ही या व्याख्यानाबद्दल मागतों. या गांवच्या प्रत्येक मातेची कूस सुखरूप उजवो अशी प्रार्थना करून, आम्ही आपली रजा घेतों.